कोशिंबिरीची पावती

१

सोमवारी सकाळी सव्वानऊ वाजता हिल्डा वीबने चर्चच्या तळघरातलं पोलादी कपाट उघडलं, आतली आइस्क्रीमची बादली टेबलावर ठेवली, झाकण उचकटलं आणि पॉप्लर बेंड गावाच्या दानशूरपणाकडे पाहिलं. त्याला आंबूस वास येत होता.

बादलीत कोबीची कोशिंबीर होती.

खरं तर तिच्यात सुमारे दोनशे पाकिटं असायला हवी होती. शनिवारी गरजूंना मोफत अन्न देणाऱ्या फूड बँकेच्या मदतीसाठी सुगीचं जेवण झालं होतं. दरवर्षी ऑक्टोबरात होतं तसंच: टर्की, बटाटे, कोबीचे रोल, फळांचं सारण भरून भाजलेले सतरा प्रकारचे 'पाय' आणि दारात हिल्डाचं टेबल. येणारा आपलं नाव घातलेलं देणगीचं पाकीट बादलीत टाकी, हिल्डा मान डोलावी, की तो थेट टर्कीच्या रांगेत. जेवणं आटोपल्यावर हिल्डाने बादली कपाटात ठेवून कुलूप घातलं होतं. रविवारी तिची आई पैशाला हात लावत नसे, म्हणून हिल्डाही लावत नसे. मोजणी सोमवारी.

त्या बादलीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. पॉप्लर बेंडमध्ये आइस्क्रीमच्या बादलीत आइस्क्रीम एकदाच असतं, दुकानातून आणतात तेव्हा. पुढची वीस वर्षं तिच्यात लोणचं, खिळे, बटणं, सूप, कोंबड्यांचं खाद्य किंवा देणग्या असतात. सगळ्या बादल्या पांढऱ्या, चार लिटरच्या, निळ्या झाकणाच्या. ओळख पटायला बुडाला कागदी चिकटपट्टी आणि तिच्यावर मालकिणीचं नाव.

फूड बँकेचा व्यवस्थापक प्रेस्टन गिलख्रिस्ट आठ महिन्यांपूर्वी विनिपेगहून आला होता. तो बराच वेळ कोशिंबिरीकडे बघत राहिला.

"किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्याकडे."

"फक्त तुमच्याकडे?"

"बावीस वर्षं," हिल्डा म्हणाली. वाक्य सुरू करताना तिला अभिमान वाटत होता. ते संपेपर्यंत भीती वाटू लागली.

२

"तू बघ," लॉर्ना मॅकफेल म्हणाली.

लॉर्ना फूड बँकेच्या विश्वस्त मंडळाची अध्यक्ष होती आणि सुगीच्या जेवणाच्या स्वयंपाकघराचीही. यातलं दुसरं पद गावात जास्त मानलं जाई. सोमवारी दुपारी ती नेस्टर कोवलचुकच्या घरी येऊन, कोट न काढता खुर्चीवर बसली.

"मी काय बघू? मी वजनकाट्यावरचा माणूस," नेस्टर म्हणाला.

तो धान्याच्या कोठारावर एकेचाळीस वर्षं वजन करत होता. ट्रक काट्यावर चढायच्या आधीच चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांकडे बघून तो सांगे, गहू ओला आहे किंवा वजन वाढवायला खाली दगड आहेत. एकेचाळीस वर्षांत त्याला दगडांचा एक ट्रकही फसवून गेला नव्हता, हे तो स्वतः सांगत नसे. फक्त विषय तिकडे वळवत असे.

"गुरुवारी चार वाजता सभा आहे," लॉर्ना म्हणाली. "तोवर बादली सापडली नाही तर हिल्डाने किल्ली टेबलावर ठेवायची, असं ठरलंय. प्रेस्टन पोलिसांनाही बोलवायचं म्हणतोय."

"हिल्डावर?"

"नाव घेत नाही. 'ज्यांच्याकडे किल्ली होती त्या व्यक्ती' म्हणतो. अनेकवचनात."

नेस्टरने तिच्यासाठी कॉफी ओतली. स्वतःसाठी टोस्ट भाजून घेतला.

"हे जेवण? दुपारचं?" लॉर्नाने विचारलं. "शनिवारी मी तुला खोकं भरून दिलं होतं ना?"

"पाय खाल्ले. उरलेलं खोकं तसंच फ्रीझरात सरकवलं."

"तू फ्रीझरातलं काही खात नाहीस, नेस्टर."

"ठेवतो तरी."

"जास्तीचा पाय तरी आवडला का? तुझी बादली हाताला जरा हलकी लागली. म्हटलं बिचाऱ्याच्या वाट्याला कमीच आलं, म्हणून एक चेरीचा घातला."

"चेरीचा चांगला होता," नेस्टर म्हणाला.

फ्रीझर खाली तळघरात होता, आडवा, पेटीसारखा. तिथला दिवा गेला त्याला दीड वर्ष झालं होतं. नेस्टरने तो बदलला नव्हता. फ्रीझरात त्याच्या बायकोने, स्टेफाने, भरून ठेवलेल्या अकरा बादल्या होत्या आणि स्टेफाला जाऊन तीन वर्षं झाली होती. त्या उघडायच्या नाहीत असं काही त्याने ठरवलं नव्हतं. फक्त उघडायचा दिवस येत नव्हता.

३

हिल्डाने त्याला पावतीपुस्तकं दाखवली. बावीस वर्षांची, सालवार, एकाही पानावर खाडाखोड नाही.

"प्रेस्टन म्हणतो, लोक सांगतील ते आकडे लिहून पावत्या देऊन टाका," ती म्हणाली. "म्हणजे कोणी नाराज होणार नाही. मी म्हटलं, जे डोळ्यांनी पाहिलं नाही त्याची पावती मी आजवर फाडलेली नाही. मी पाहिली कोशिंबीर. कोशिंबिरीची पावती हवी असेल तर लिहून देते."

"मग काय म्हणाला?"

"माझ्या बोलण्याची नोंद घेतली म्हणाला."

"शनिवारचं सांगा. दारातून कपाटापर्यंत."

हिल्डाने डोळे मिटून सांगितलं. बादली तिनेच चर्चच्या फडताळातून घेतली होती, तिथे बेवारशी बादल्यांची चळत असते. जेवणं झाल्यावर झाकण लावून ती बादली घेऊन स्वयंपाकघरातून निघाली. तेवढ्यात लॉर्नाने कॉफीचं मोठं भांडं उचलायला हाक मारली. बादली ओट्यावर ठेवली, भांड्याला हात दिला, परत येऊन बादली उचलली, कपाटात ठेवली, कुलूप घातलं.

"ओट्यावर आणखी काय होतं?"

"उरलेलं अन्न. मदतीला आलेल्यांना घरी द्यायला लॉर्ना भरत होती." हिल्डाने डोळे उघडले. "बादल्यांमध्येच."

"तुम्ही उचललीत ती जड होती?"

"जड म्हणजे! मनगट भरून आलं. मनात म्हटलं, देवा, यंदा लोकांनी हात सैल सोडलाय."

 नेस्टरने टेबलावरचं कोरं पाकीट उचलून तळहातावर ठेवलं.

"दोनशे पाकिटं, आत नोटा, चेक, थोडी नाणी. पाऊण बादली भरेल. वजन दोन पौंड, फार तर अडीच. कोशिंबिरीची भरलेली बादली सात पौंडांखाली ऐकत नाही. हिल्डा, कपाट कोणी उघडलंच नाही. तुम्ही कुलूप घातलंत तेच कोशिंबिरीला."

हिल्डाने पावतीपुस्तक मिटलं. "म्हणजे चोर नाही?"

"पैसे न्यायला आलेला माणूस कोशिंबीर घेऊन येत नाही."

"मग पाकिटं?"

"ओट्यावरच राहिली," नेस्टर म्हणाला. "आणि ओट्यावरचं सगळं त्या संध्याकाळी कोणाच्या ना कोणाच्या घरी गेलं."

४

त्याने लॉर्नाला फोन करून सांगितलं, मदतीला आलेल्या प्रत्येकाला विचार, तुमच्या बादलीत काय निघालं. लॉर्ना म्हणाली, गुरुवारी सकाळपर्यंत सांगते, कारण यातल्या निम्म्या बायकांचा फोन अर्ध्या तासाच्या आत संपत नाही.

तोवर प्रेस्टनने चर्चच्या दारात एक यादी लावली होती. विम्यासाठी, म्हणे. ज्याने पाकीट टाकलं त्याने नाव आणि रक्कम लिहायची.

नेस्टर बुधवारी सकाळी यादी बघायला गेला. हरवलेल्या बादलीत रोज भर पडत होती. सोमवारी संध्याकाळी तिच्यात चार हजार डॉलर होते, मंगळवारी सात, बुधवारी नऊच्या वर. बियाण्याचा व्यापारी ड्वेन हॉफ याने आधी पाचशे लिहिले होते. मग खाली कोणी सहाशे लिहिल्यावर येऊन, पाचशे खोडून हजार केले होते. दान हरवल्यावर माणूस किती उदार होतो, याचा इतका स्वच्छ पुरावा नेस्टरने पाहिला नव्हता.

त्याने स्वतःही पेन उचललं. चाळीस टाकल्याचं त्याला पक्कं आठवत होतं. पण वरच्याने दोनशे लिहिले होते, त्याच्या वरच्याने तीनशे. नेस्टरने शंभर लिहिले आणि इकडेतिकडे पाहिलं.

"आभारी आहे," मागून प्रेस्टन म्हणाला. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. "तुम्हाला वाटत असेल, मी हिल्डांच्या मागे लागलोय."

"वाटतंय."

"मी इथे नवा आहे हो. उद्या शंभर लोक विचारतील, प्रेस्टन, पैसे गेले तेव्हा तू काय केलंस? माझ्याकडे निदान एक यादी असेल." त्याने कागदावर बोट ठेवलं. "हे बघा, सगळ्यांनी रक्कम लिहिली. एक सोडून."

आबे टोव्झ. नाव होतं. पुढची जागा कोरी.

"शनिवारी भांडी कोण घासत होतं, लक्षात आहे?" प्रेस्टन हळूच म्हणाला. "ओट्याला लागून?"

नेस्टरच्या लक्षात होतं. आबे टोव्झ.

५

आबे गावाबाहेर एकटा राहत असे. बायको एल्सा मेमध्ये वारली होती. नेस्टर गेला तेव्हा तो पायरीवर बसून बूट पुसत होता.

"आबे, पाकीट टाकलंस ना तू?"

"टाकलं."

"किती होते?"

"ते हिल्डा सांगेल."

"हिल्डाने उघडलंच नाही."

"मग कोणीच पाहिलं नाही," आबे म्हणाला. "संपलं."

"यादीत लिहायचंस तरी."

आबेने दुसरा बूट घेतला. "वाचली मी ती यादी. ड्वेन हॉफ हजार! लग्नात भसाड्या आवाजात गातो आणि भेट म्हणून जुना विळा देतो तो ड्वेन. त्याच्याखाली मी आकडा लिहिला तर तोही तसाच दिसेल. कोणाला काय पटवायचं?"

"रोख होते?"

"रोख. एल्साचा चेकवर विश्वास नव्हता." तो थांबला. "पावतीवर तिचं नाव घालायचं होतं, एल्साच्या स्मरणार्थ. हिल्डाचं अक्षर चांगलं आहे. चौकट करून भिंतीला लावणार होतो. बाकी काही नाही."

परतताना नेस्टर पिकअप हळू चालवत होता. चेक रद्द करून पुन्हा लिहिता येतात. रोख पाकीट गेलं की गेलं, त्याला साक्ष फक्त देणाऱ्याची. आणि सगळं गाव साक्षी देत सुटलेलं असताना हा एकटा गप्प बसला होता. एकेचाळीस वर्षं वजन केल्यावर नेस्टरला एवढं कळत होतं की या माणसाच्या ट्रकमध्ये दगड नाहीत.

पण बादली कुठे होती?

६

गुरुवारी सकाळी कॉफीच्या दुकानात लॉर्ना वही घेऊन आली.

"सगळ्यांना विचारलं. कोणाकडेही पाकिटं नाहीत. टर्की, सारण, रस्सा, कोशिंबीर. मिर्टलने तर फोनवरच बादलीत चमचा घालून खात्री केली."

नेस्टरने कप खाली ठेवला. संध्याकाळी चार वाजता हिल्डा किल्ली काढून टेबलावर ठेवणार होती. तिने गळ्यातली किल्लीची साखळी कालच घासूनपुसून लख्ख केली होती, असं लॉर्ना म्हणाली.

"हिशेब पुन्हा कर," तो म्हणाला. "शनिवारी तू अन्न किती बादल्यांत भरलंस?"

"पंधरा. माणसं पंधरा, बादल्या पंधरा."

"त्यातली एक कपाटात गेली. मग चौदा उरायला हव्यात. घरी किती गेल्या?"

"पंधरा." लॉर्नाच्या कपाळाला आठी पडली. "कोणी रिकाम्या हाताने नाही गेलं."

"म्हणजे पंधरावी पाकिटांची. तू फोन किती जणांना केलेस?"

लॉर्नाने वहीवर बोट फिरवत मोजलं.

"चौदा."

"पंधरावा कोण?"

लॉर्ना त्याच्याकडे बघायला लागली. मग तिने बघणं थांबवलं आणि साखर ढवळायला लागली, जी तिने घातली नव्हती.

"तू," ती म्हणाली. "तुला कुठे विचारणार? तू तर तपास करतोयस."

दुकानात कोणीतरी टोस्टर दाबला. नेस्टरला चेरीचा पाय आठवला. हाताला हलकी लागली, असं ती सोमवारीच म्हणाली होती, त्याच्या स्वयंपाकघरात बसून. तेही त्याच माणसाला, ज्याला दगडांचा एक ट्रक फसवून गेला नव्हता. पाय काढून घेतल्यावर उरलेलं खोकं त्याने, लोणच्याच्या बरणीसकट, तसंच उचलून अंधारात फ्रीझरात ढकललं होतं.

"तीच मला का दिलीस? पंधरा होत्या ना?"

"मी बुडाची पट्टी वाचून देते, माहीत आहे तुला. ज्याची बादली त्याच्या घरी. त्या एकीवर..." लॉर्ना अडखळली. "स्टेफाचं नाव होतं, नेस्टर. कधीतरी तिने चर्चला काही पाठवलं असेल, ती फडताळात राहून गेली. हिल्डाने बघितलं नाही, पण मी बघितलं. म्हटलं, स्टेफाची बादली आहे, घरी जाऊ दे."

७

नेस्टर दुकानातून आधी एक बल्ब घेऊन घरी गेला.

तळघरात उजेड पडल्यावर फ्रीझर त्याला वाटत होता त्यापेक्षा लहान निघाला. झाकण उघडलं. वर शनिवारचं खोकं. त्याखाली अकरा बादल्या, बर्फाची साय धरलेल्या, प्रत्येकीवर पट्टी: बीटचं सूप, सप्टेंबर. बीटचं सूप, ऑक्टोबर. कोबीचे रोल, नाताळ. प्रत्येक पट्टीचं एक टोक जरासं दुमडलेलं. स्टेफा म्हणायची, पट्टी लावताना ती काढणाऱ्याचाही विचार करावा.

त्याने खोक्यातली बादली काढून हातावर तोलली. दोन पौंड, वर थोडे औंस. बुडाला पट्टी, टोक दुमडलेलं. झाकण उघडलं तर पाकिटं पापडासारखी कडक झाली होती.

तो तिथे पायरीवर बराच वेळ बसला. पाकिटांपाशी नाही, फ्रीझरपाशी.

चार वाजता चर्चच्या तळघरातल्या सभेत त्याने बादली टेबलावर ठेवली आणि सगळं क्रमाने सांगितलं: कॉफीचं भांडं, सात पौंड, पंधरा आणि चौदा, पट्टी. आपल्या फ्रीझरचा भाग त्याने वगळला नाही. लपवला असता तर लॉर्नाने सांगितलाच असता.

"थोडक्यात, चोरी झालीच नाही," प्रेस्टन म्हणाला.

"तीन चुका झाल्या," हिल्डा म्हणाली. "मी आत न बघता कुलूप घातलं. ते लिहून घ्या."

"मी हलकी लागूनही उघडली नाही," लॉर्ना म्हणाली. "वर पाय घातला."

"आणि मी पाय खाल्ला," नेस्टर म्हणाला.

हिल्डाने चष्मा लावला आणि पाकिटं सर्वांसमोर उघडायला घेतली. नाव वाचायचं, रक्कम मोजायची, पावती लिहायची, बाजूला ठेवायची. खोलीत फक्त बर्फाळ कागदाचा कुरकुर आवाज. ड्वेन हॉफ हा विश्वस्तही होता. त्याचं पाकीट आलं तेव्हा त्याला अचानक बाहेर ट्रकचे दिवे चालू राहिल्याची शंका आली.

"ड्वेन हॉफ, पन्नास," हिल्डा रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाली आणि तिने पन्नास लिहिले, ना कमी ना जास्त.

"नेस्टर कोवलचुक, चाळीस."

नेस्टर छताकडे बघत होता. प्रेस्टनने यादीकडे पाहिलं, मग नेस्टरकडे, आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हसण्यासारखं आलं.

शेवटून तिसरं पाकीट जाड होतं. हिल्डाने दोनदा मोजलं.

"आबे टोव्झ. दोन हजार."

 आत एक चिठ्ठी होती. ती हिल्डाने मोठ्याने वाचली नाही. नवीन ओळीवर पेन टेकवलं आणि नेहमीपेक्षा सावकाश, एकेक अक्षर सोडवून लिहिलं. शाई वाळेपर्यंत पावतीवर हात ठेवला नाही.

यादीचं काय करायचं, असं प्रेस्टनने विचारलं. बादलीत निघाले ते सहा हजार दोनशे, यादीत अकरा हजारांच्या वर.

"विमा कंपनीला पाठव," लॉर्ना म्हणाली, "आणि कळव की आमचं गाव पावणेदोनपट बरं आहे, फक्त वर्षातून तीनच दिवस."

प्रेस्टनने यादीची चार घडी केली. मागच्या दाराबाहेर पुरावा म्हणून ठेवलेली कोशिंबिरीची बादली होती. तिचं झाकण त्याने श्वास रोखून उघडलं आणि यादी आत टाकली. मग तो आत येऊन हिल्डासमोर उभा राहिला.

"किल्ली तुमच्याकडेच ठेवा. आणि मी बोललो ते..."

"नोंद घेतली," हिल्डा म्हणाली. साखळी तिने गळ्यातून काढलीच नव्हती.

निघताना तिने नेस्टरला त्याची पावती दिली, चाळीस डॉलरची, आणि स्टेफाची बादली. बादली जड होती. रिकामी बादली परत करायची पद्धत नसल्यामुळे हिल्डाने आलुबुखाराचा केक सकाळीच भाजून आणला होता. सकाळी, म्हणजे बादली सापडायच्या आधी.

"हे तुम्ही कोणासाठी भाजलं होतंत?" नेस्टरने विचारलं.

"किल्ली ठेवून जाणार होते ना. रिकाम्या हाताने कसं जायचं?"

त्या संध्याकाळी नेस्टर तळघरात गेला, दिवा लावला आणि 'बीटचं सूप, सप्टेंबर' काढून आणलं. दुमडलेल्या टोकाला धरून ओढल्यावर पट्टी एका झटक्यात निघाली. ती त्याने फ्रिजच्या दारावर चिकटवली, हिल्डाच्या पावतीशेजारी. सूप गरम व्हायला पाऊण तास लागला.

तीन वर्षांनी चव मुख्यतः बर्फाची राहिली होती. त्याने पुन्हा वाढून घेतलं.